‘मांबो?’ एवढाच मेसेज

आठवड्यातून एकदा फोन वाजायचा आणि त्यावर एकच शब्द दिसायचा: ‘मांबो?’ स्वाहिलीत याचा अर्थ साधारण आपल्या ‘काय, कसं काय?’सारखा. दोन दिवसांत उत्तर पाठवायचं. ‘सावा’, म्हणजे ठीक आहे. किंवा ‘शिदा’, म्हणजे अडचण आहे. अडचण कळवली की दवाखान्यातून फोन यायचा. उत्तर आलंच नाही, तरीही यायचा.

केनियात एचआयव्हीचे उपचार सुरू करणाऱ्या ५३८ जणांना घेऊन हा प्रयोग झाला आणि २०१० साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष छापून आले. मेसेज मिळणाऱ्यांपैकी ६२ टक्के लोकांनी औषध नेमाने घेतलं होतं. ज्यांना मेसेज नव्हता त्यांच्यात हे प्रमाण ५० टक्के होतं. रक्तातला विषाणू दबलेला होता तो अनुक्रमे ५७ आणि ४८ टक्के लोकांत. साध्या बटणाच्या फोनवर, एका शब्दाने हे घडलं.

गोळी चुकली तर एवढं काय बिघडतं? एचआयव्ही स्वतःच्या नकला भराभर काढतो आणि त्या काढताना सतत चुकतो. रक्तात औषध पुरेसं असेल तर नक्कल निघतच नाही, त्यामुळे चुकीलाही वाव नसतो. डोस वारंवार बुडाले की औषध उतरतं, विषाणू पुन्हा वाढू लागतो आणि त्या अर्धवट औषधातही तगून राहणारी एखादी चुकीची नक्कल पुढे सरसावते. लॅमिव्हुडिन या औषधाला निष्प्रभ करायला विषाणूतला एका जागचा बदल पुरतो. एचआयव्ही काही पेशींमध्ये दडूनही बसतो, म्हणून बरं वाटायला लागलं तरी गोळी थांबवता येत नाही. आता टीएलडी ही तीन औषधांची एकच गोळी रोज घ्यायची असते आणि तिच्यातलं डोल्युटेग्राविर विषाणूला सहजासहजी दाद देत नाही. पूर्वीच्या मूठभर गोळ्यांच्या मानाने हे फार सोपं झालं. तरी रोज म्हणजे रोजच, आणि तेही आयुष्यभर.

मग मोबाइलवर रोज गजर लावला की काम भागलं, असं कुणालाही वाटेल. केनियातल्याच दुसऱ्या एका प्रयोगात काही जणांना रोज आठवण करून दिली, काहींना आठवड्यातून एकदा. फायदा झाला तो आठवड्यावाल्यांना. रोजच्या आठवणीने काहीच फरक पडला नाही. रोज तोच टिंग ऐकू आला की कान तो ऐकेनासे होतात, असं मला वाटतं.

आपल्याकडचा अनुभव तर अधिक बोलका आहे. दक्षिण भारतात ६३१ जणांवर ९६ आठवडे चाललेली चाचणी २०१४ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. दर आठवड्याला संगणकाकडून आपोआप फोन यायचा, शिवाय एक चित्रसंदेश. ना औषधाचा नेम सुधारला, ना उपचार फसण्याचं प्रमाण घटलं. फोन इथेही होता, तिथेही होता. माझ्या मते फरक पडला तो ‘शिदा’ म्हटल्यावर पलीकडून बोलणाऱ्या माणसाने.

कारण गोळी दर वेळी विसरल्यामुळेच चुकते असं नाही. घरी पाहुणे आहेत आणि डबी पत्र्याच्या पेटीत खाली दडवलेली आहे. ऊसतोडीला जिल्ह्याबाहेर गेल्यावर एआरटी सेंटर, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळण्याचं केंद्र, दूर राहिलं. गोळीने मळमळतं, पण सांगायचं कुणाला? यातल्या एकाही अडचणीवर गजराकडे उत्तर नाही, समुपदेशकाकडे असू शकतं. अर्थात माणूस जोडला की सगळं जमतं असंही नाही. नैरोबीतल्या किबेरा वस्तीत हीच ‘मांबो’ पद्धत पुढे वापरली, तेव्हा पहिल्या वर्षात उपचारांत टिकून राहणाऱ्यांचं प्रमाण काही वाढलं नाही.

भारतात जन्मलेली एक युक्ती मला फार आवडते. ‘९९डॉट्स’मध्ये पाकिटातून गोळी दाबून काढली की तिच्यामागे दडलेला फोन नंबर दिसतो. त्यावर मिस्ड कॉल द्यायचा, पैसे पडत नाहीत. ही व्यवस्था क्षयरोगाच्या गोळ्यांसाठी आली आणि एचआयव्हीसोबत क्षयही असलेल्यांसाठी एआरटी सेंटरमध्येही वापरली गेली. गोळी पाकिटातून निघाली, एवढंच त्यातून कळतं. पोटात गेली का, ते नाही. पण चार दिवस कॉल आला नाही, तर कुणाची चौकशी करायची हे कर्मचाऱ्यांना समजतं.

आजची अॅप्स गोळ्या मोजतात, व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणाचा, आलेख काढतात, पुढची तारीख सांगतात. आलेख खाली येताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहणं ही मोठी गोष्ट आहे. व्हायरल लोड तपासणीत सापडणार नाही इतका खाली जाऊन तिथेच राहिला, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. पण अॅप फोनमध्ये घेण्याआधी मी त्याचं नाव आणि चिन्ह बघेन. एकच फोन नवरा, सासू आणि शाळकरी मुलगा वापरत असतील, तर पडद्यावर ‘एआरटी’ ही तीन अक्षरं झळकणं म्हणजे घरभर बोभाटा. संमतीशिवाय कुणाचीही एचआयव्हीची माहिती उघड करू नये, असं २०१७ चा कायदा सांगतो; पण ओट्यावर ठेवलेल्या फोनला कायदा ठाऊक नसतो.

केनियातल्या त्या मेसेजमध्ये एचआयव्हीचं नाव नव्हतं, गोळीचंही नव्हतं. फोन कुणाच्याही हाती पडला, तरी त्याला दिसायचं एवढंच, की कुणीतरी खुशाली विचारली आहे.