घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे

सकाळी ठाण्याहून सुटणाऱ्या लोकलमध्ये बसायला जागा मिळाली, की मुलुंड यायच्या आत कित्येकांच्या माना कलंडतात. बहुतेकांची झोप खरोखरच अपुरी झालेली असते. पण रात्री सात-आठ तास बिछान्यात काढूनही ज्याला बसल्या बसल्या डुलकी लागते, त्याच्या झोपेतच काही बिघाड असू शकतो. घरच्यांचा समज मात्र उलटाच असतो. 'पडल्या पडल्या घोरायला लागतात, काय गाढ झोप लागते यांना!'

झोपेत घशाचे स्नायू सैलावतात आणि जीभ मागे सरकते. श्वासाची वाट अरुंद झाली, की आत-बाहेर होणाऱ्या हवेने पडजीभ आणि टाळूचा मऊ भाग थरथरतो. तेच घोरणं. काहींची वाट पुरती मिटते. छाती आणि पोट ओढ घेत राहतात, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो आणि घुसमटल्यासारखा मोठा आवाज होऊन श्वास सुटतो. सकाळी यातलं काहीही आठवत नाही. हा स्लीप ॲप्निया.

श्वास किमान १० सेकंद थांबला किंवा फारच उथळ झाला, तर ती एक खेप धरतात. तासाला ५ ते १५ खेपा म्हणजे सौम्य आजार, ३० च्या पुढे तीव्र. तीव्र आजार असलेल्याची झोप सरासरी दर दोन मिनिटांनी विस्कटत असते, आणि तेही रात्रभर! सकाळी डोकं जड, रात्री लघवीला वारंवार उठणं, गोळ्या घेऊनही न उतरणारं बीपी, अशा तक्रारींच्या मुळाशी पुष्कळदा हेच असतं. रात्री घोडबंदर रोडवरून अवजड ट्रक नेणाऱ्या चालकाला हा आजार असेल, तर प्रश्न त्याच्या एकट्याच्या तब्येतीचा राहत नाही.

निदानासाठी स्लीप स्टडी करतात. मेंदूच्या लहरी, श्वास, ऑक्सिजन, हृदयाचे ठोके यांची रात्रभर नोंद होते. काहींना साधी चाचणी घरीही करता येते. उपचारात सर्वांत भरवशाचं सीपॅप मशीन. नाकावरच्या मास्कमधून हवेचा हलका दाब सतत येत राहतो आणि घशाची वाट मिटू देत नाही. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये हा उपाय जगापुढे मांडला. सुरुवातीला मास्क नकोसा वाटतो, म्हणून अनेकजण मशीन कपाटात टाकतात. मास्कचं माप बदलून घेतलं तर बहुतेक वेळा जमतं, तेव्हा इतक्यात हार मानू नये. वजन कमी करणं, कुशीवर झोपणं, काहींना दातांवर बसवायचं उपकरण, यांचाही उपयोग होतो. दारू आणि काही झोपेच्या गोळ्या घशाचे स्नायू आणखी ढिले करतात. म्हणून निदानाआधी मनाने गोळी घेणं मला फार धोक्याचं वाटतं.

निद्रानाशाची गोष्ट वेगळी. आठवड्यातून किमान तीन रात्री, असं तीन महिने चाललं तर तो जुनाट समजतात. त्यावरही पहिला उपाय गोळी नाही. झोप आली तरच आडवं व्हायचं, वीसेक मिनिटांत लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं, सकाळी मात्र ठरल्या वेळीच उठायचं. झोपेविषयीची धास्तीही समुपदेशनाने कमी करतात. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०१६ मध्ये हीच पद्धत आधी वापरायची शिफारस केली.

ऐरोली-महापेत रात्रपाळी करणाऱ्यांचा त्रास आणखी निराळा. त्यांच्या मेंदूतलं घड्याळ उजेडावर चालतं. सकाळी घरी जाताना गडद गॉगल आणि खोलीला जाड पडदे, एवढ्यानेही फरक पडू शकतो. संध्याकाळी पाय सतत हलवावेसे वाटून झोप लागत नसेल, तर रक्तातलं फेरिटिन तपासावं. शरीरातला लोहाचा साठा कमी असणं हे त्याचं एक कारण आहे.

घोरणाऱ्याला आपला श्वास अडतो हे कळत नाही, कळतं ते शेजारी झोपणाऱ्याला. अशा रात्री दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ मोबाइलवर काढून छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावा. स्लीप स्टडी लागेल की नाही, हे ठरवायला त्यांना त्याची मदत होते.