आजींच्या बिलातले सतराशे रुपये

आमच्या मुलुंडच्या सोसायटीची मेंटेनन्सची बिलं पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेल्या एका छोट्या प्रोग्रॅममधून निघतात. खजिनदार काकांचे महिन्याचे दोन रविवार त्या बिलांत जायचे, म्हणून तो मी लिहून दिला. पहिले दोन महिने सगळं चोख झालं. तिसऱ्या महिन्यात चौथ्या मजल्यावरच्या आजी बिल घेऊन दारात उभ्या. "अगं, माझे गेटच्या चावीचे शंभर रुपये होते ना? मग हे अठराशे कसले लावलेस?"

प्रोग्रॅम बंद पडला नव्हता. स्क्रीनवर लाल अक्षरांत काही आलं नव्हतं. बिलं तयार झाली, छापली, घरोघरी वाटली गेली. अशा चुकीला मी मुकी चूक म्हणते. प्रोग्रॅम कोसळला तर निदान कळतं तरी. मुकी चूक चुकीचं उत्तर देते आणि ते दिसायला अगदी बरोबर उत्तरासारखं असतं.

झालं होतं ते असं. त्या महिन्यात तिघांना जादा आकार होता. १०२ मध्ये बारसं होतं, त्यांनी टेरेस घेतली होती, त्याचे १,५०० रुपये. ३०४ चा उशिरा भरल्याचा दंड २०० रुपये. आणि आजींचे चावीचे १००. हे आकार गोळा करणाऱ्या फंक्शनला, म्हणजे प्रोग्रॅममधल्या तेवढ्याच कामाच्या तुकड्याला, मी सांगून ठेवलं होतं की यादी दिलेली नसेल तर रिकाम्या यादीपासून सुरुवात कर. माझ्या मनात होतं, प्रत्येक फ्लॅटला कोरी यादी. पायथन मात्र ती रिकामी यादी फंक्शन तयार करताना एकदाच बनवतो आणि पुढे दर वेळी तीच वापरायला काढतो. वॉचमनकडे सगळ्या बिल्डिंगची मिळून एकच वही असावी आणि प्रत्येकाला वाटावं की आपलं पान कोरंच आहे, तसं. १०२ ला १,५०० लागले, ते बरोबर. ३०४ ला स्वतःचे २०० आणि वहीतले आधीचे १,५०० मिळून १,७०० लागले. आजींपर्यंत आकडा १,८०० वर गेला. आधीच्या दोन महिन्यांत जादा आकार एकेकाच घराला होता, त्यामुळे चूक असूनही दिसली नाही. ३०४ वाल्यांनी तर १,७०० न बघता भरूनही टाकले होते. मला त्याचीच जास्त चुटपुट लागली.

त्या रात्री मी तीच फाइल पायलिंट नावाच्या तपासनीस प्रोग्रॅमला दिली. त्याने लगेच ओळ क्रमांकासकट दाखवलं: इथली डिफॉल्ट यादी, म्हणजे काही दिलं नसेल तर वापरायची यादी, धोकादायक आहे. पायथन शिकणाऱ्यांकडून ही चूक इतक्यांदा झालेली आहे की तिच्यासाठी स्वतंत्र नियमच आहे, डब्ल्यू०१०२. पहिलं बिल छापण्याआधी मी हे केलं असतं तर आजींना चार जिने उतरावे लागले नसते.

अशा साधनांना लिंटर म्हणतात. लिंट म्हणजे कापडाला चिकटलेलं तूस. माझे आजोबा परळच्या गिरणीत होते. घरी यायचे तेव्हा त्यांच्या केसांत, भुवयांत कापसाचं तूस असायचं, असं आई सांगते. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत स्टीफन जॉन्सन यांनी सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतला कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मजकूर, तपासणारा प्रोग्रॅम लिहिला, त्याचं नाव लिंट. कापड तर विणून झालेलं आहे, पण त्यावरचे बारीकसारीक तंतू वेचून काढायचे, ही त्यामागची कल्पना.

लिंटरची खरी गंमत ही की तो प्रोग्रॅम चालवून बघतच नाही, नुसता वाचतो. शाळेत आपण वाक्यपृथक्करण करायचो: हा कर्ता, हे कर्म, हे क्रियापद. लिंटर कोडचं तेच करतो. प्रत्येक ओळ फोडून तिची फांद्याफांद्यांची झाडासारखी रचना करतो आणि त्या झाडावरून फिरत विचारतो: या नावाला किंमत कुठे दिली? दिलेली किंमत कुणी वापरली का? 'बरोबर आहे का' असं विचारणाऱ्या दोन = चिन्हांच्या जागी चुकून एकच पडून तुलनेऐवजी किंमतच बदलली जातेय का? या ओळीपर्यंत पोचायला वाट तरी आहे का?

शेवटचा प्रश्न किती मोलाचा, ते २०१४ च्या फेब्रुवारीत जगाला दिसलं. अॅपलच्या आयफोन आणि मॅकमध्ये, सुरक्षित वेबसाइटची ओळख पटवणाऱ्या कोडमध्ये 'तपासणी थांबव, शेवटाकडे जा' अशा अर्थाची एक ओळ लागोपाठ दोनदा पडली होती. पहिली ओळ 'चूक सापडली तर' या अटीखाली होती. दुसरी तिच्याच खाली, तेवढीच आत सरकवलेली, म्हणून डोळ्यांना तीही अटीखालचीच वाटे. पण कंस नसल्यामुळे ती अटीबाहेर होती आणि दर वेळी चालायची. म्हणजे वेबसाइटच्या डिजिटल सहीची शेवटची तपासणी व्हायचीच नाही आणि तोवर चूक सापडलेली नसल्यामुळे निकाल 'सगळं ठीक' असाच लागायचा. त्याच वायफायवर बसलेला कुणी भामटा स्वतःला खरी वेबसाइट म्हणून खपवू शकत होता. दुसऱ्या ओळीखालच्या कोडपर्यंत पोचायला वाटच उरलेली नव्हती, आणि हे सांगणारा इशारा कंपायलरमध्ये, म्हणजे कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उपलब्ध होता. पण तो नेहमीच्या इशाऱ्यांत येत नाही, मुद्दाम चालू करावा लागतो. २०१६ मध्ये जीसीसी या कंपायलरच्या सहाव्या आवृत्तीत फसव्या मांडणीसाठी वेगळा इशारा आला आणि तो नेहमीच्या इशाऱ्यांतच ठेवला गेला.

लिंटरला सगळं कळत नाही, कळूही शकत नाही. कुठलाही प्रोग्रॅम दिला तरी तो कधीतरी थांबेल की नाही हे अचूक सांगणारी एकच रीत असू शकत नाही, हे गणितज्ञ अॅलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्येच सिद्ध केलं. चालवल्यावर प्रोग्रॅम काय करेल अशा इतर बऱ्याच प्रश्नांचंही तसंच आहे. त्यामुळे असं साधन कधी खरी चूक सोडतं, कधी उगाच ओरडतं. दंड २०० ऐवजी २,००० लिहिला तर पायलिंटला त्यात काहीच वावगं दिसणार नाही. आणि उगाच ओरडणं वाढलं की 'लांडगा आला रे आला' होतं, माणसं इशारे वाचणंच सोडून देतात. जुन्या, मोठ्या कोडवर सगळे नियम एकदम लावले तर शेकड्यांनी इशारे येतात. माझ्या मते अशा वेळी मोजके, गंभीर नियम निवडावेत आणि ते नव्या ओळींपासून पाळावेत.

कॉलेजात आउटपुट जुळला की जर्नलवर सही मिळायची. कोड कुणी वाचायचं नाही. 'चालतंय ना?' ही सवय तिथूनच लागते आणि नोकरीतही सुटत नाही. पहिल्या वर्षाच्या मुलांच्या कोड लिहायच्या एडिटरमध्ये पहिल्याच दिवशी लिंटर बसवून द्यावा, असं मला मनापासून वाटतं. ओळ लिहिताक्षणी तिच्याखाली नागमोडी रेघ आली तर कारण तिथेच कळतं, कारण आपण काय लिहीत होतो ते अजून डोक्यात ताजं असतं.

३०४ चे १,५०० आणि आजींचे १,७०० पुढच्या बिलात वळते केले. फंक्शनमध्ये आता यादी दिलेली नसेल तर आतल्या आत नवी यादी तयार होते. आणि खजिनदार काकांकडे फाइल जाण्याआधी पायलिंट चालतोच. गेल्या महिन्यात त्याने एक ओळ दाखवली: सिंकिंग फंडाची रक्कम काढली आहे, पण पुढे कुठेच वापरलेली नाही. पाहिलं तर नवा दर घालताना बेरजेतून ते नाव माझ्याच हातून पुसलं गेलं होतं. बिलं छापायला अजून दोन दिवस होते.