‘आधीच चालू आहे’ असा संदेश आला तर पीआयडी फाइल पुसू नका

आमच्या हिशेब सर्व्हरच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

जून उजाडला की रत्नागिरीपासून मालवणपर्यंतच्या ग्राहकांचे एकाच तऱ्हेचे फोन सुरू होतात. रात्री वारा सुटला, वीज गेली, यूपीएसही संपला. सकाळी वीज आल्यावर कोणीतरी सर्व्हर चालू करायला गेले, तर पडद्यावर ‘हा इन्स्टन्स आधीच चालू आहे’. मग जाणकार म्हणून शेजारच्या दुकानातला कोणीतरी सांगतो, डिरेक्टरीतली पीआयडी फाइल (चालू सर्व्हरचा क्रमांक ठेवणारी छोटी फाइल) पुसून टाका, लगेच चालू होईल.

जुन्या धाटणीच्या पुष्कळ सर्व्हरना हा उपाय खरोखर लागू पडतो, म्हणूनच तो तोंडोतोंडी पसरला आहे. आमच्या सर्व्हरला तो लागू नाही. उलट ज्या सकाळी हा संदेश दिसतो, त्या सकाळी तो बहुधा खराच असतो: वीज येताच मशीन उठते आणि सिस्टमडी (लिनक्समधली सेवा चालू करणारी यंत्रणा) तुमचा इन्स्टन्स आपोआप चालू करते. तुम्ही बटण दाबता तेव्हा तो आधीपासून काम करत असतो. अशा वेळी फाइल पुसली तर एकाच खातेवहीवर दोन सर्व्हर लिहू लागण्याची वाट मोकळी होते.

इन्स्टन्स म्हणजे आमच्या सर्व्हरची स्वतंत्रपणे चालणारी एक प्रत. एकाच मशीनवर आंब्याची पेढी, बर्फाचा कारखाना आणि घरगुती लॉज अशी तीन खाती असतील, तर तीन इन्स्टन्स आणि तीन डिरेक्टऱ्या. प्रत्येक डिरेक्टरीत त्या खात्याची खातेवही, सेटिंग, लॉग आणि एक छोटी पीआयडी फाइल असते. डिरेक्टरीची परवानगी आम्ही ०७०० ठेवतो, म्हणजे सर्व्हरच्या वापरकर्त्याशिवाय (आणि रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्याशिवाय) आत कोणाला डोकावता येत नाही.

लिनक्सवर चालणाऱ्या प्रत्येक प्रोसेसला, म्हणजे चालू प्रोग्रॅमला, एक क्रमांक मिळतो, तोच पीआयडी. सर्व्हर चालू होताना आपला क्रमांक या फाइलमध्ये साध्या दशमान अंकांत लिहितो आणि पुढे ओळ मोडतो. पण हा क्रमांक कायमचा कोणाचा नसतो. कर्नेलची (लिनक्सच्या गाभ्याची) मूळ मर्यादा ३२७६८ आहे, ६४-बिट मशीनवर ती ४१९४३०४ पर्यंत वाढवता येते. मर्यादा गाठली की मोजणी पुन्हा खालून सुरू होते आणि मोकळे झालेले क्रमांक दुसऱ्यांना दिले जातात. मशीन नव्याने उठले की तर मोजणी पहिल्यापासूनच सुरू होते.

वीज जाण्याशी याचा थेट संबंध आहे. मशीन उठताना बहुतेक सेवा दर वेळी साधारण त्याच क्रमाने चालू होतात. काल रात्री तुमच्या सर्व्हरचा क्रमांक ८१२ असेल, तर आज सकाळी ८१२ हा क्रमांक भलत्याच कुठल्या तरी सेवेला मिळालेला असू शकतो. जुन्या धाटणीचा सर्व्हर फाइलमधला ८१२ वाचतो, किल या, प्रोसेसला सिग्नल पाठवणाऱ्या, फंक्शनला सिग्नल शून्य देऊन ‘हा क्रमांक जिवंत आहे का’ एवढेच विचारतो, ‘आहे’ असे उत्तर आले की स्वतः थांबतो. फाइल पुसायची सवय लोकांना लागली ती इथून. निव्वळ क्रमांकावर विसंबणे हा आमच्या मते मुळातच कच्चा मार्ग आहे.

आम्ही विसंबतो ते कुलुपावर. सर्व्हर पीआयडी फाइल उघडतो आणि फ्लॉक हे फंक्शन वापरून तिच्यावर कुलूप घेतो. कुलूप कर्नेलच्या ताब्यात असते, डिस्कवर नसते. सर्व्हर मेला, कोसळला, वीज गेली, काहीही झाले तरी कुलूप त्याच क्षणी नाहीसे होते. फाइल मात्र जुन्या क्रमांकासह डिस्कवर तशीच पडून राहते, आणि तिने काही बिघडत नाही. क्रमांक ही दारावरची पाटी आहे आणि कुलूप ही आतून लावलेली कडी: घरात कोणी आहे की नाही हे कडीवरून कळते, पाटीवरून नाही. आमचा सर्व्हर ‘आधीच चालू आहे’ म्हणतो तेव्हा त्याने कडी हलवून पाहिलेली असते.

आता फाइल पुसल्यावर काय होते ते सविस्तर सांगतो, कारण धोका इथेच आहे. लिनक्समध्ये फाइलचे नाव आणि प्रत्यक्ष फाइल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्यक्ष फाइलची ओळख आयनोड क्रमांकाने होते, नाव फक्त तिच्याकडे बोट दाखवते. फाइल पुसता तेव्हा नाव जाते. चालू सर्व्हरने ती उघडून ठेवलेली असल्यामुळे त्याच्यापुरती ती शिल्लक असते आणि त्याचे कुलूपही त्या बिननावाच्या फाइलवर शाबूत असते. मग तुम्ही दुसऱ्यांदा सर्व्हर चालू करता. त्याला त्या नावाची फाइल सापडत नाही, तो नवी बनवतो, तिचा आयनोड वेगळा, तिच्यावर कुलूप घेतो आणि ते त्याला मिळतेही. दोघांकडे आपापले कुलूप आणि समोर खातेवही एकच. दोघेही शेवटचा बिल क्रमांक वाचून पुढचा देतात, एकाच्या नोंदीवर दुसरा लिहितो. एप्रिलमध्ये हापूसच्या पेट्या ट्रकवर चढत असताना हे झाले, तर कोणत्या व्यापाऱ्याच्या किती पेट्या गेल्या हे शोधायला कागदी चलने उलगडून बसावे लागेल.

यावर आम्ही बंदोबस्त केला आहे. चालू सर्व्हर दर मिनिटाला पाहतो की त्या नावाची फाइल अजून आपलीच आहे का. आयनोड जुळला नाही तर तो नव्या नोंदी घेणे थांबवतो आणि लॉगमध्ये तसे लिहितो. पण मधल्या मिनिटात झालेल्या नोंदींची हमी आम्ही देऊ शकत नाही. म्हणून विनंती एकच: ती फाइल पुसू नका, हलवू नका, तिचे नाव बदलू नका. आमचा सर्व्हर स्वतःही ती कधी पुसत नाही, नीट बंद झाल्यावरसुद्धा नाही.

ज्या ग्राहकांनी सोर्स कोड घेतला आहे, त्यांच्या प्रोग्रॅमरसाठी थोडे अधिक. फाइल उघडताना ओ-एक्सेल हा ध्वज मुद्दाम वापरलेला नाही. तो वापरला तर फाइल आधीपासून असली की उघडणेच फसते आणि वीज गेल्यानंतर प्रत्येक वेळी कोणाला तरी हाताने पुसावे लागते. ओ-ट्रंकही नाही, कारण उघडताच मजकूर रिकामा झाला तर चालू सर्व्हरचा क्रमांक आपणच पुसून बसू. आधी कुलूप, मग एफट्रंकेट (जुना मजकूर काढणे), मग लेखन, हा क्रम बदलू नका. एफट्रंकेट गाळले तर १२३४५ वर ९८७ लिहिल्यानंतर जुने अंक मागे उरतात. कुलूप मिळाल्यावर एफस्टॅट (उघडलेली फाइल) आणि स्टॅट (त्या नावाची फाइल) यांचे आयनोड जुळतात का हेही पाहिले आहे. ओ-क्लोएक्झेक ठेवला आहे, नाहीतर बिल छापणारा मदतनीस प्रोसेस ते कुलूप सोबत घेऊन जाईल आणि मुख्य सर्व्हर मेल्यावरही ‘चालू आहे’ असेच दिसत राहील.

एफसीएनटीएलचे कुलूप का नाही, असे काहींनी विचारले आहे. ते प्रोसेसच्या नावावर असते. त्याच प्रोसेसने तीच फाइल दुसरीकडे कुठे वाचायला उघडून बंद केली, तरी कुलूप निघून जाते, आणि कोणाला पत्ता लागत नाही. सर्व्हर तुम्ही स्वतः पार्श्वभूमीला पाठवत असाल, तर क्रमांक शेवटच्या फोर्कनंतर (प्रोसेसची नवी प्रत काढल्यानंतर) लिहा. आधी लिहिला तर तो बापाचा क्रमांक, आणि बाप तर बाहेर पडलेला असतो.

सर्व्हर बंद करायचा असेल तेव्हा आमच्या नियंत्रण खिडकीतले ‘बंद’ बटण वापरा. ते प्रथम कुलूप घेऊन पाहते. मिळाले, म्हणजे सर्व्हर चालू नाही, फाइलमधला क्रमांक शिळा आहे, कोणालाही सिग्नल पाठवला जात नाही. नाही मिळाले, तरच क्रमांक वाचून सिगटर्म (‘आवरून थांब’ असा सिग्नल) पाठवते. सर्व्हर हातातली नोंद पुरी करतो, खातेवही बंद करतो, मग थांबतो. टर्मिनलवरून नऊ क्रमांकाचा सिग्नल देऊ नका. तो कोणत्याही प्रोसेसला अडवता येत नाही, त्यामुळे सर्व्हरला आवराआवर करायला क्षणही मिळत नाही.

काही ठिकाणी आम्ही स्थानिक तंत्रज्ञांनी लिहिलेल्या स्वतःच्या बंद-स्क्रिप्ट आणि छोटे सी प्रोग्रॅम पाहिले आहेत. त्यांना एक इशारा. डिस्क भरलेली असेल तर पीआयडी फाइल रिकामी राहू शकते. रिकामा मजकूर एटॉय या, मजकुराचा आकडा करणाऱ्या, फंक्शनला दिला की शून्य मिळतो, आणि किलला शून्य दिला की सिग्नल पाठवणाऱ्याच्या स्वतःच्या सगळ्या प्रोसेस-गटाला जातो. उणे एक दिला तर ज्यांना ज्यांना पाठवायची परवानगी आहे त्या सर्वांना जातो. रूट म्हणून चालवलात तर जवळजवळ अख्खे मशीन झोपते. त्याऐवजी एस्टीआरटोल वापरा, शेवटपर्यंत अंकच आहेत ना ते तपासा, आणि एकापेक्षा मोठा आकडा नसेल तर सिग्नल पाठवूच नका.

१ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात मासळीवाले ग्राहक जुना हंगाम मिटवून नव्याची तयारी करतात. त्यासाठी जुनी डिरेक्टरी कॉपी करून तिचे नाव बदलू नका, ‘नवा इन्स्टन्स’ हे बटण आहे. कॉपी केलेल्या डिरेक्टरीतल्या सेटिंगमध्ये खातेवहीचा पूर्ण पत्ता हाताने लिहिलेला असेल, तर नवा इन्स्टन्स नव्या डिरेक्टरीवर कुलूप लावेल आणि लिहील मात्र जुन्या खातेवहीत. याच कारणाने चालू आवृत्ती सेटिंगमध्ये पूर्ण पत्ता स्वीकारत नाही, पण जुन्या आवृत्तीवर असलेल्यांनी जपावे. पेनड्राइव्हवर घेतलेल्या बॅकअपमध्ये पीआयडी फाइल आली तर हरकत नाही, कुलूप कॉपी होत नसते.

इन्स्टन्स डिरेक्टरी मशीनच्या स्वतःच्या डिस्कवरच ठेवा. नेटवर्कवरच्या सामायिक डिस्कवर कुलूप दुसऱ्या मशीनला दिसेल की नाही हे तिथल्या सर्व्हरवर आणि जोडणीच्या सेटिंगवर ठरते, त्यामुळे तशी मांडणी आम्ही बसवून देत नाही. टेंप (तात्पुरत्या फाइलींची) डिरेक्टरीही नको: ती सर्वांना लिहिता येते आणि अनेक मशीनवर जुन्या फाइली आपोआप साफ होतात.

‘परवानगी नाही’ असा संदेश आला तर तो वेगळा विषय. बहुतेक वेळा कोणीतरी एकदा सुडो (रूटचे अधिकार देणारी आज्ञा) लावून सर्व्हर चालू केलेला असतो आणि डिरेक्टरीतल्या काही फाइली रूटच्या मालकीच्या झालेल्या असतात. पुन्हा सुडो लावून वेळ मारून नेऊ नका, आम्हाला कळवा.

फोन करताना तीन गोष्टी समोर ठेवा: इन्स्टन्सचे नाव, पडद्यावरचा संदेश जसाच्या तसा, आणि ‘स्थिती’ बटण दाबल्यावर दिसणारा क्रमांक. कोणी आधीच फाइल पुसली असेल तर तेही पहिल्याच वाक्यात सांगा आणि आमचा माणूस लाइनवर येईपर्यंत नवे बिल करू नका.