ट्राकेनर : मूसच्या शिंगाचा डाग असलेला घोडा

वॉर्मब्लड घोड्याचं रक्त काही जास्त गरम नसतं. अरबी आणि शर्यतीचे थरोब्रेड हे तापट स्वभावाचे ‘हॉट’, नांगराचे अवजड घोडे थंड प्रकृतीचे ‘कोल्ड’, आणि त्यांच्या मधले ते ‘वॉर्म’. जर्मनीतल्या या मधल्या घोड्यांत थरोब्रेडकडे सर्वांत जास्त झुकणारी जात म्हणजे ट्राकेनर.

पूर्व प्रशियातली (प्रशिया हे जुनं जर्मन राज्य) दलदल उपसून तिथला राजा फ्रीडरिश विल्हेल्म पहिला याने 1732 मध्ये ट्राकेनेन इथे शाही पागा उभारली. ती जागा आज रशियाच्या कालिनिनग्राद प्रांतात आहे. राजाला रिसाल्यासाठी घोडे हवे होते : दिवसभर चालणारे, बेताच्या चाऱ्यावर टिकणारे. स्थानिक ‘श्वाइके’ तट्टू काटक होतं, पण अंगाने लहान. पागा सरकारी झाल्यावर 1787 मध्ये काउंट लिंडेनाऊने कमअस्सल नर आणि घोड्या मोठ्या संख्येने बाद केल्या. त्याच वर्षापासून पागेतल्या जनावरांच्या उजव्या मांडीवर मूस या मोठ्या हरणाच्या सात टोकांच्या शिंगाचा डाग उमटू लागला. पुढच्या शतकात थरोब्रेड आणि अरबी रक्त ओतलं गेलं. 1926 पासून पूर्व प्रशियातल्याच त्स्वियोन इथे नरांची कामाची परीक्षा सुरू झाली. नुसत्या देखणेपणावर नर ठेवायचा नाही, हा नियम खरा मोलाचा.

दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत फौजा जवळ आल्या, आणि ऑक्टोबर 1944 मध्ये पागा रिकामी करावी लागली. जानेवारी 1945 च्या कडाक्यात शेतकऱ्यांनी गाड्यांना गाभण घोड्या जुंपल्या आणि गोठलेली व्हिस्तुला खाडी ओलांडून सुमारे हजार किलोमीटर पश्चिम गाठली. वाटेत कित्येक घोड्या मेल्या, कित्येकींची शिंगरं गाभातच गेली. पूर्व प्रशियात हजारोंनी नोंदलेल्या घोड्यांपैकी पोचले ते शेकड्यांत. उरलेल्यांची नोंद ठेवायला 1947 मध्ये हांबुर्गला संघटना स्थापन झाली, आणि एकेरी शिंगाऐवजी खासगी पैदासकारांचं दुहेरी शिंग हाच जातीचा डाग ठरला.

हानोव्हर किंवा होल्स्टाइनच्या नोंदवह्या इतर वॉर्मब्लड जातींचं रक्त घेतात. ट्राकेनरची घेत नाही. बाहेरून चालतं ते फक्त थरोब्रेड, अरबी आणि त्यांच्या संकरांचं. म्हणून बाकीच्या जाती हलकेपणासाठी ट्राकेनर नर आणतात. टोटिलास हा ड्रेसाजचा (स्वाराच्या इशाऱ्यावर नेमक्या चाली करण्याच्या खेळाचा) प्रसिद्ध घोडा डच नोंदणीचा, पण त्याचा बाप ग्रिबाल्डी ट्राकेनर होता.

उंची साधारण 160 ते 170 सेंटिमीटर, डोकं सुबक, मान लांब, दुडकी लवचीक आणि तरंगती. खोड निघते तीही याच रक्तातून. थरोब्रेड जास्त झाला की गुडघ्याखालचं हाड बारीक होतं, छाती अरुंद राहते. स्वभावाने हे घोडे हळवे. हात जड असलेल्या स्वाराखाली पाठ ताठ करतात आणि लगामाशी झगडतात. पैदाशीआधी नर-मादी दोघांची ‘फ्रजाइल फोल सिंड्रोम’साठी जनुकीय चाचणी करावी : दोघंही वाहक (स्वतः निरोगी, पण सदोष जनुक बाळगणारे) असतील तर दर वेळी चारात एक शक्यता असते की शिंगरू फाटक्या, नाजूक कातडीचं जन्मेल, आणि असं शिंगरू जगत नाही.

शिंगराचं नाव आईच्या नावाच्या आद्याक्षरावरून ठेवतात. त्यामुळे नावावरूनच मातृकुळाचा अंदाज येतो.