अभिवाचन की श्रुतिका? येळवशीचा विनोद रेडिओवर नेताना

सणाचा विनोदी कार्यक्रम रेडिओला द्यायचा म्हटलं की चौघं माइकभोवती बसतात. एक जण निवेदन वाचतो, बाकीचे आपापले संवाद म्हणतात, मागं हलगी टाकली जाते आणि फाइलला नाव पडतं ‘श्रुतिका’. खरं तर ते अभिवाचन असतं, म्हणजे निवेदनासकट वाचून दाखवलेली गोष्ट. श्रुतिका म्हणजे निवेदकाशिवाय, नुसत्या संवादांतून आणि आवाजांतून उभं राहणारं रेडिओवरचं नाटक. अभिवाचन हलकं असतं असं मुळीच नाही. फक्त दोन्हींत विनोद वेगवेगळ्या जागी बसतो.

लातूर-धाराशिवकडची येळवस, म्हणजे शेतात साजरी होणारी वेळ अमावास्या घ्या. शेतात कडब्याची कोप म्हणजे खोपटं, आत पूजेला पांडव म्हणून मांडलेले दगड, मिश्र भाज्यांची भज्जी, पिठाचे उंडे, आंबिलीचं बिंदगं म्हणजे लहान घागर आणि पाहुणे म्हणून आलेले दाजी. आंबील पोटात गेली की डोळे मिटायला लागतात, हे सगळ्यांना ठाऊक. अभिवाचनात हा प्रसंग असा येईल:

‘दाजींनी तिसरा तांब्या रिकामा केला, मिशीवरची आंबील उपरण्याला पुसली आणि “आपल्याला नाही बुवा झोप येत” असं म्हणत ते कोपीला टेकले. कोप मात्र त्यांच्या भरवशावर उभी नव्हती.’

हसू आहे ते शेवटच्या वाक्यात, म्हणजे सांगणाऱ्याच्या तिरकस जिभेत. श्रुतिकेत सांगणाराच नसतो, त्यामुळं ते वाक्यही गेलं. उरतं ते असं:

(आंबील ओतल्याचा आवाज. मोठा भुरका.)
मेव्हणा: दाजी, तिसरा तांब्या हाय ह्यो.
दाजी: आपल्याला नाही बुवा झोप येत.
(कडबा करकरतो. कोसळतो. शांतता. कडब्याखालून घोरणं.)
ताई: पांडव तरी बाहेर काढा रे!

कोप पडली हे कुणीच सांगितलं नाही. फसतं ते इथंच. लिहिणाऱ्याला धीर धरवत नाही आणि मेव्हण्याच्या तोंडी वाक्य जातं, ‘अरे बघा, दाजी कोपीसकट खाली पडले!’ समोर घडलेलं माणसं एकमेकांना असं सांगत नसतात. निवेदन काढून टाकलं, पण ते संवादात लपून बसलं. असं झालं की ना धड अभिवाचन, ना धड श्रुतिका.

शब्दांचा हिशोबही वेगळा. अभिवाचनाला मिनिटाला साधारण 120 शब्द धरा. श्रुतिकेत आवाज आणि थांबे जागा खातात, म्हणून 90च्या आसपास थांबा. पाच मिनिटांच्या तुकड्यात 600 शब्दांचे संवाद कोंबले तर घोरायला वेळच उरत नाही.

आवाज गोळा करायला सगळ्यात जास्त वेळ द्या. कडबा वाळलेलाच हवा. ओल धरलेली पेंढी करकरत नाही, नुसती फुसफुसते. माइकपासून वीतभर अंतरावर कडब्याची पाच-सहा ताटं हळूहळू मोडा, मग अख्खी पेंढी दोन हात लांबून खाली टाका. दोन्ही आवाज वेगळे घेऊन नंतर जोडा. आंबिलीच्या जागी पाणी ओतलं तर खळखळ फार पातळ लागते. ताक-पिठाचं दाटसर मिश्रण अरुंद तोंडाच्या भांड्यातून ओतलं की खरा ‘डबडब’ आवाज मिळतो. घोरणं तोंडावर वाकळ धरून घ्या, म्हणजे ते कडब्याखालून आल्यासारखं दबकं होतं. भज्जीची चव काही रेडिओवर जात नाही, भुरका जातो.

दुसरी अडचण खोलीची. प्रसंग शेतातला आणि रेकॉर्डिंग फरशी-स्लॅबच्या खोलीत, मग माणसं टाकीत बसून बोलल्यासारखी वाटतात. उघड्या रानात भिंतीवरून आवाज परतत नाही. भिंतींना आणि खाली जाड वाकळी लावा, रानाचा आवाज वेगळा दोन मिनिटं घेऊन खाली बारीक ठेवा. अभिवाचनात खोलीचा हलका घुमारा खपून जातो, कारण तिथं वाचणारा खोलीतच आहे हे ऐकणाऱ्यानं मान्य केलेलं असतं.

लांबून हाक मारायची असेल तर आवाज बारीक करू नका. नटालाच सहा-सात फूट मागं उभं करून मोठ्यानं बोलायला लावा. नुसता आवाज कमी केला की माणूस लांब जात नाही, फक्त हळू बोलतो. ‘प’, ‘फ’, ‘भ’ला माइक फुटतो म्हणून तो तोंडासमोर न धरता जरा तिरका ठेवा. मीटरचा काटा उणे 6 डेसिबलच्या पुढं जाऊ देऊ नका, नाहीतर मेव्हण्याची आरोळी तडतडते.

पात्रं तीन, फार तर चार. ताई आणि वहिनी एकाच पट्टीत बोलत असतील तर ऐकणाऱ्याचा घोळ होतो. एकीला म्हातारी करा किंवा काढून टाका. पहिल्या दोन-तीन वाक्यांतच ‘दाजी’, ‘ताई’ अशा हाका आल्या पाहिजेत. अभिवाचनात ‘ताई म्हणाली’ एवढ्यावर भागतं. बोली दोन्हीकडं चालते, पण अभिवाचनात निवेदन प्रमाण आणि संवाद बोलीत ठेवले की गावाला हसल्यासारखं होतं. निवेदकही ‘कुठं चाललाव’ म्हणणारा असू द्या.

धुळवडीसाठी बीड जिल्ह्यातल्या विडा गावची जावयाची गाढवावरची मिरवणूक घेणार असाल तर गाढवाचं ओरडणं संवादाखाली ठेवू नका, ते सगळं गिळून टाकतं. जावयाचं ‘मी बसणार नाही’ संपू द्या, अर्धा सेकंद थांबा, मग गाढव. हसण्याच्या तयार फिती त्यामागं जोडू नका.