ताक, टाक आणि म्हैस उड

सहा-आठ महिन्यांच्या बाळाला ‘ताक’ आणि ‘टाक’ यांतील पहिल्या ध्वनीचा फरक ऐकू येतो, मग ते बाळ नेरूळचे असो की कॅनडातले. १९८४ मध्ये जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या संशोधकांनी इंग्रजीभाषक घरांतील बाळांना हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. ध्वनी बदलला की बाळ खेळण्याच्या दिशेने मान वळवते का, एवढेच त्यांना पाहायचे होते. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांनी मान वळवली, दहा-बारा महिन्यांच्या फारच थोड्यांनी. त्यांच्या घरात ‘ट’ आणि ‘त’ असा भेद कोणी करत नव्हते, आणि वर्षभरात मेंदूने त्याचा हिशेब केला होता.

बालमेंदूची कामाची रीतच अशी आहे. चेतापेशींमधील जोडण्या सुरुवातीला गरजेपेक्षा कितीतरी अधिक तयार होतात; पुढे ज्या वापरात येतात त्या पक्क्या होतात आणि बाकीच्या छाटल्या जातात. वापर म्हणजे नुसते कानावर पडणे मात्र नव्हे. पॅट्रिशिया कूल यांच्या २००३ सालच्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांशी चिनी भाषेत बारा सत्रे खेळण्यात आली, तेव्हा बाळे त्या भाषेतील ध्वनिभेद ओळखू लागली. तीच माणसे आणि तोच मजकूर पडद्यावरून दाखवल्यावर मात्र काहीच साधले नाही. समोर जिवंत माणूस हवा, त्याने बाळाच्या नजरेला आणि हुंकाराला उत्तर द्यायला हवे.

दीड ते तीन वर्षांच्या मुलांसाठीच्या वर्गाचे मोल याच कसोटीवर ठरते, असे मला वाटते. भिंतीवरील चित्रे, रबरी फरशी आणि वातानुकूलन या गोष्टी त्यानंतरच्या.

ऐरोलीतील एका रो-हाऊसच्या तळमजल्यावर भरणाऱ्या प्लेग्रुपमध्ये काही दिवसांपूर्वी मी एक सकाळ बसून काढली. अडीच वर्षांचा एक मुलगा बादलीतील पाणी ओगराळ्याने अरुंद तोंडाच्या बाटलीत भरू पाहत होता आणि निम्म्याहून अधिक पाणी फरशीवर जात होते. “ताई, पानी पल्लं,” तो म्हणाला. ताई जवळ येऊन उकिडव्या बसल्या. “पडलं? कुठून पडलं रे?” त्याने बाटलीच्या तोंडावर बोट ठेवले. “हं, तोंड लहान आहे बाटलीचं. मग आता काय करू या?” यावर ताई गप्प राहिल्या. पाच-सात सेकंद काहीच घडले नाही, आणि एवढी शांतता मोठ्या माणसाला सहन होणे किती अवघड असते ते मला माझ्याच अस्वस्थतेवरून कळले. मुलगा उठला आणि फळीवरचे नरसाळे घेऊन आला. ताईंनी त्याला त्याचे नाव सांगितले: “नरसाळं.” तो म्हणाला, “नसालं,” आणि कामाला लागला.

या दोन मिनिटांत कार्यकारणाचा एक धडा, एक नवा शब्द आणि मनगटाचा व्यायाम एवढे सारे झाले. मनगटाचा उल्लेख मुद्दाम करतो आहे. मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्मतः ती कूर्चेचीच असतात आणि एकेक करून हाडात रूपांतरित होतात. तीन वर्षांच्या मुलाच्या क्ष-किरण चित्रात त्यांपैकी साधारण तीनच दिसतात आणि आठवे दिसायला वयाची आठ ते बारा वर्षे उजाडतात. या हाताला कणीक मळणे, मणी ओवणे आणि ओतणे-भरणे मानवते. रेघांमध्ये बसवून ‘अ’ गिरवण्याची सक्ती करण्याचे ते वय नव्हे. तरीही ठाणे आणि नवी मुंबईतील पालकांना वर्कशीट हवी असते, कारण ती फ्रिजवर चिकटवता येते. फरशीवर सांडलेले पाणी चिकटवता येत नाही.

चार-पाच वर्षांच्या गटात आणखी एक क्षमता आकाराला येत असते. ‘चिमणी उड, कावळा उड, म्हैस उड’ हा आपला जुना खेळ घ्या. चिमणी आणि कावळ्याला बोट उचलून सवय लागलेली असते आणि म्हैस आली की तीच सवय ऐन वेळी रोखायची असते. असा आवर घालणे, नियम डोक्यात धरून ठेवणे आणि नियम बदलला की आपणही बदलणे या तिन्ही गोष्टी कपाळामागील मेंदूच्या भागाशी निगडित आहेत. तो भाग सर्वांत सावकाश पक्व होतो, अगदी विशीच्या मध्यापर्यंत. मात्र तीन ते पाच या वयात त्याच्या कामात मोठी झेप दिसते. अडीच वर्षांचे मूल म्हशीलाही आनंदाने उडवते, आणि त्यात त्याची काहीच चूक नसते. दोन वर्षांची मुले शेजारी-शेजारी बसून आपापले खेळतात, ‘शेअर कर’ म्हटल्यावर रडतात, हेही तसेच वयाला धरून आहे.

बालवाडीचा फायदा पुढे टिकतो का, यावर दीर्घ अभ्यास झाले आहेत आणि त्यांची उत्तरे एकसारखी नाहीत. अमेरिकेतील मिशिगन राज्यात १९६२ मध्ये सुरू झालेल्या पेरी प्रकल्पात गरीब घरांतील १२३ मुले होती. त्यांपैकी ५८ जणांना बालवाडी मिळाली, ६५ जणांना नाही. बुद्ध्यंकातील वाढ काही वर्षांत ओसरली, मात्र चाळिशीत पोहोचल्यावर बालवाडीत गेलेल्यांचे शिक्षण आणि कमाई अधिक होती व अटकेचे प्रमाण कमी होते. तेथे एका शिक्षिकेमागे पाच-सहा मुले असत आणि शिक्षिका दर आठवड्याला मुलाच्या घरी जात. याउलट टेनेसी राज्याच्या सरकारी बालवाड्यांत गेलेली मुले सहावीत पोहोचली तेव्हा न गेलेल्यांपेक्षा परीक्षांत मागे होती; हा निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. कारणांविषयी वाद आहे. माझ्यापुरता बोध असा की ‘बालवाडी’ ही पाटी दोन्हीकडे सारखी असली तरी आतील वर्ग सारखा असेलच असे नाही.

आपल्याला हे शिकण्यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याची तशी गरज नव्हती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचे जे काम केले, ते त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातलेच. ती गावे पालघर जिल्ह्यात गेली ती २०१४ मध्ये. आदिवासी पाड्यांवरील मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेनेच त्यांच्या अंगणात जावे, या विचारातून अंगणवाडी आली. महागड्या साधनांऐवजी बिया, शंख, पाने आणि माती त्यांनी वर्गात आणली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तिच्या केंद्रांनाही हेच नाव मिळाले.

भाषेचा प्रश्न मात्र कोसबाडपेक्षा नवी मुंबईतल्या घणसोलीत अधिक अवघड झाला आहे. घरी मराठी बोलणारे मूल वर्गात ‘ओपन युवर टिफिन’, ‘कीप क्वाएट’ अशी वीस-पंचवीस इंग्रजी वाक्ये ऐकते, आणि ती म्हणणाऱ्या शिक्षिकेलाही त्यापलीकडे इंग्रजीत सहज बोलता येत नाही. मग नरसाळ्यावरचा तो संवाद घडणार कसा? दोन भाषा ऐकल्याने लहान मूल गोंधळत नाही, दोन्ही शिकते. अट एवढीच की त्या भाषेत त्याच्याशी कोणी मनमोकळे बोलले पाहिजे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेवर भर दिला आहे.

हल्ली अनेक प्लेग्रुप पालकांना वर्गातील कॅमेऱ्याचे दृश्य मोबाइलवर दाखवतात. त्यात मूल बसले आहे, खाते आहे, रडत नाही, हे दिसते. आवाज सहसा नसतो. प्रवेशाआधी वर्गात पंधरा मिनिटे बसू द्या, असे विचारावे आणि बसल्यावर मुलांनी काढलेल्या उद्गारांपैकी कितींना मोठ्या माणसाचे उत्तर मिळाले, हे बोटांवर मोजावे. त्या सकाळी ऐरोलीत माझी बोटे लवकरच अपुरी पडली होती. बारा वाजता त्या मुलाची आजी न्यायला आली आणि त्याच्या ओल्या बाह्या पाहून तिने ताईंना विचारले, “आज काय शिकवलंत?” ताई उत्तर देण्याआधीच तो म्हणाला, “नसालं.” आजीला काही कळले नाही, तेव्हा तो तिचा हात धरून तिला फळीपाशी घेऊन गेला.