साशिमोनो आणि उमाजिरुशी: जपानी रणांगणावरची दोन निशाणं

सेन्गोकु काळातल्या, म्हणजे पंधराव्या-सोळाव्या शतकांतल्या सरदारांच्या आपसातल्या युद्धांच्या काळातल्या, जपानी लढायांची चित्रं पाहिली की निशाणांचं रान दिसतं आणि सगळी एकाच जातीची वाटतात. त्यातले दोन प्रकार वेगळे ओळखता आले, की लढाई वाचता येते. साशिमोनोवरून कळतं की हा माणूस कोणत्या घराण्याचा, कोणत्या तुकडीचा. उमाजिरुशीवरून कळतं की सेनापती आत्ता कुठे आहे. साशिमोनो पडलं तर एक शिपाई पडला. उमाजिरुशी पडली तर अख्ख्या फौजेचा धीर सुटू शकतो.

साशिमोनो चिलखताच्या पाठीवर लावतात. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते सर्रास दिसू लागलं. तोवर फौजांमध्ये आशिगारू, म्हणजे साधं पायदळ, मोठ्या संख्येने आलं होतं आणि त्यांची चिलखतं घराण्यानेच पुरवलेली, एकाच घाटाची असत. आपला कोण आणि परका कोण, हे पाठीवरच्या कापडावरूनच ओळखायचं. ते बसवण्यासाठी तीन भाग लागतात. पाठीच्या पत्र्यावर खांद्यांच्या पातळीला ‘गात्तारी’ नावाची कडी, कमरेपाशी ‘माचिउके’ नावाची खोबण, आणि या दोन्हींत उभी बसणारी ‘उकेझुत्सु’, म्हणजे लाखेचा लेप दिलेली लाकडी नळी. निशाणाची काठी या नळीत खोचतात. कापड साधारण फूटभर रुंद आणि तीनएक फूट उंच असतं, पण घराण्यागणिक माप बदलतं. माथ्यावर आडवी काठी असल्यामुळे वारा नसतानाही ते उघडं राहतं. वारा सुटला की मात्र ते माणसाला मागे ओढतं, म्हणून दोऱ्या पुढे आणून छातीकडच्या कड्यांना बांधत. दाट झाडीत आणि तटावर चढताना ते आडवं येतं. छुप्या हल्ल्यात तर जागा उघडी पाडतं. नळीतून काठी उपसता येते, ही त्या रचनेतली मोठी सोय.

सेनापती स्वतः सहसा साशिमोनो लावत नसे. त्याची जागा होनजिनमध्ये, म्हणजे कापडी पडद्यांनी वेढलेल्या मुख्य तळावर. तिथे तो घडीच्या आसनावर बसून हुकूम देई, आणि त्याच्या जवळ उमाजिरुशी उभी असे. बड्या सरदारांकडे दोन असत: मोठी ती ओउमाजिरुशी, लहान ती कोउमाजिरुशी. ती कापडाचीच असावी असं नव्हतं. ओदा नोबुनागाची सोनेरी छत्री, तोयोतोमी हिदेयोशीचा सोनेरी भोपळा, तोकुगावा इएयासूचा भला मोठा सोनेरी पंखा, शिबाता कात्सुइएचं सोनेरी गोहेइ (शिंतो पूजेतली कागदी पट्ट्यांची काठी). मला हे फार विचारपूर्वक केलेलं वाटतं. कापड लोंबतं, एका बाजूने ओळखू येतं आणि दुसऱ्या बाजूने येत नाही. छत्री किंवा भोपळा अशी घडीव वस्तू चहूबाजूंनी सारखीच दिसते. मोठं निशाण एका माणसाला पेलत नाही. निशाणदार बुंधा कमरेच्या किंवा पाठीवरच्या खोबणीत टेकवतो आणि बाकीचे दोऱ्या धरून ते वाऱ्यात सरळ ठेवतात.

ही खूण किती मोलाची होती, हे १५८३ मध्ये बिवा सरोवराच्या उत्तरेला, शिझुगाताकेच्या लढाईत दिसलं. हिदेयोशीपुढे कात्सुइएची फौज फुटली. तेव्हा मेन्जू कात्सुतेरु या त्याच्या सरदाराने सोनेरी गोहेइ मागून घेतलं आणि ते उभारून तो मागे लढत राहिला. निशाण तिथे, म्हणजे कात्सुइए तिथे, असं समजून शत्रू त्याच्यावर तुटून पडला. मेन्जू मारला गेला, पण कात्सुइए कितानोशोच्या किल्ल्यापर्यंत पोहोचला. काही दिवसांतच तिथेही वेढा पडला आणि त्याने स्वतःचा अंत केला. साशिमोनो हातात घेऊन असा बनाव कधीच साधला नसता.

उलट बाजू १६१५ मध्ये ओसाकाजवळ तेन्नोजीला दिसते. ओसाकाच्या किल्ल्याच्या बाजूने लढणारा सानादा नोबुशिगे (युकिमुरा) इएयासूच्या तळावर थेट चालून गेला आणि त्या धांदलीत इएयासूची निशाणं कोसळली. १५७३ मधल्या मिकातागाहाराच्या लढाईनंतर, जिथे इएयासू हरला होता, असं प्रथमच घडलं, असं सांगतात. ओसाकाच्या बाजूची हकीकत याहून वाईट आहे: त्यांचाच सरदार ओनो हारुनागा सेनापतीचं निशाण घेऊन किल्ल्याकडे परतू लागला, ते पाहून आपण हरलो असं सैनिकांना वाटलं आणि फळी मोडली, असं म्हणतात. निशाण पडलंच पाहिजे असं नाही, चुकीच्या वेळी हललं तरी पुरतं.

निरोप्यांकडे मात्र लक्ष ठेवा, गल्लत तिथेच होते. ताकेदा शिंगेनच्या निरोप्यांच्या पाठीवर गोमेचं चित्र असे, तोकुगावांच्या निरोप्यांच्या पाठीवर ‘पाच’ या अंकाचं जपानी अक्षर. नोबुनागाच्या निवडक स्वारांच्या पाठीवर लाल किंवा काळा ‘होरो’ असे, म्हणजे आतल्या सांगाड्यावर ताणलेलं फुगीर कापड. या खुणा ठळक आणि मानाच्या खऱ्या, पण सेनापतीची जागा दाखवणाऱ्या नव्हेत. त्या माणसाबरोबर रणभर फिरतात.

तिसरा प्रकार नोबोरी: हातात धरलेलं उंच, अरुंद, उभं कापड, वरची आणि एक उभी कड काठीला बांधलेली. ते तुकडीचं, आणि एकाच नमुन्याची अनेक नोबोरी रांगेने उभी दिसतात. चित्रात आधी काठी कुठे टेकली आहे ते पाहा. चिलखताच्या पाठीवर एकट्या शिपायाचं असेल तर साशिमोनो. एकासारखी अनेक रांगेत असतील तर नोबोरी. त्याच्यासारखं दुसरं आसपास नसेल आणि पडद्यांच्या तळाशेजारी उभं असेल, तर ती उमाजिरुशी.